मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता महिनाभर काय करायचं?

ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत उरकतं, टाकाही बहुतेक वेळा नसतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली की पेशंटला वाटतं झालं सगळं, आणि स्वारी जळमटं काढायला स्टुलावर चढते. थांबा जरा. बुबुळाच्या कडेला दोन-अडीच मिलिमीटरची चीर असते ती आपली आपण भरून येते, पण डोळा नीट सेट व्हायला चार ते सहा आठवडे धरून चालायचं.

खरं काम ड्रॉप्सचं आहे. सहसा एक अँटिबायोटिक, एक स्टिरॉईड, सुरुवातीला दिवसातून बऱ्याचदा आणि मग डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात, त्यामुळे तो कागद फ्रीजवर चिकटवा नि मोबाइलला अलार्म लावा. हात साबणाने धुवायचे, मान मागे टाकून खालची पापणी जराशी ओढली की एक छोटा खिसा तयार होतो, त्यात एकच थेंब. दुसरा टाकलात तर तो गालावरून ओघळतो, फुकट जातो. बाटलीचं तोंड डोळ्याला टेकवू नका. मग डोळा हळूच मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलका दाबून धरा, नाहीतर औषध घशात उतरून कडू लागतं. दुसरं औषध पाच मिनिटांनी, दुधाळ असेल तर बाटली हलवून. आणि बरं वाटतंय म्हणून स्टिरॉईड मधेच सोडायचं नाही, तसंच संपलं म्हणून मेडिकलमधून परस्पर आणून चालूही ठेवायचं नाही, त्याने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं.

डॉक्टर हो म्हणेपर्यंत अंघोळ गळ्याखालून. केस अगदीच धुवायचे असतील तर पार्लरमध्ये करतात तसं मान मागे टाकून दुसऱ्या कुणीतरी धुवावेत. रात्री प्लास्टिकची जाळी लावूनच झोपा, झोपेत हात डोळ्याकडे जातोच. पाण्याची बादली, सिलेंडर, कडेवर यायला हट्ट करणारा नातू, सगळं काही दिवस बंद. पोट साफ होत नसेल तर इसबगोल घ्या पण कुंथू नका. फोडणीचा धूर, काजळ, चूल यांपासून लांब. गुलाबपाणी, मध, तूप असले सल्ले घेऊन कोणी आलं तर चहा पाजून वाटेला लावा!

टीव्ही, पेपर, मोबाइल चालतं, त्याने ऑपरेशनमध्ये बसवलेली नवी लेन्स खराब होत नाही, डोळा थकला की ठेवून द्यायचं एवढंच.

थोडं खुपणं, पाणी येणं, उजेड सहन न होणं सुरुवातीला असतंच. पांढरा शर्ट एकदम निळसर दिसायला लागतो, कारण पिवळी पडलेली जुनी लेन्स गेलेली असते, घाबरू नका. पण दुखणं किंवा लाली वाढत चालली, दिसणं कमी झालं, विजा चमकल्यासारखं किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं वाटलं तर सोमवारची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

चष्म्याची घाई मात्र सगळ्यांना असते. नंबर स्थिर व्हायच्या आत चष्मा केलात तर पैसे पाण्यात. तोवर जुन्या चष्म्याने गरगरत असेल तर ऑपरेशन झालेल्या बाजूची काच चष्मेवाल्याकडून काढून घेता येते का ते डॉक्टरांना विचारा. आणि लेन्सचं कार्ड मिळतं ना, ते फाईलमध्ये नीट ठेवा, दुसऱ्या डोळ्याची वेळ आली की लागतं.