नवा डेस्कटॉप जोडताना प्रोसेसर कसा निवडावा

गेल्या मे महिन्यात इंदूरच्या राजेंद्रनगरला बहिणीच्या घरी भाच्याचा कॉम्प्युटर जोडायला बसलो. दुपार कलत आली तेव्हा बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, मॉनिटर मात्र काळाच. रॅम काढून पुन्हा बसवली, केबल बदलली, मॉनिटरही शेजारून मागून आणला. दोन तास गेले. मग प्रोसेसरचा रिकामा डबा हातात घेतला आणि नाव शेवटपर्यंत वाचलं : कोअर आय५-१२४००एफ. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असला की प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स, म्हणजे मॉनिटरवर चित्र उमटवणारा भाग, नसतं, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड आम्ही घेतलेलंच नव्हतं. दुकानात ‘हा स्वस्त पडेल’ म्हणून तो हातात दिला, पण कार्ड लावणार का, हे कुणी विचारलं नाही. तेव्हापासून कुणी सल्ला मागितला की मी त्यांना आधी नाव पूर्ण वाचायला लावतो.

दुकानात जाण्याआधी घरी एका कागदावर लिहा : या कॉम्प्युटरवर रोज काय होणार आहे? टॅली, एक्सेल, ऑनलाइन क्लास, बँकेची कामं एवढंच असेल तर चार कोअरचा इंटेलचा आय३-१२१०० पुरून उरतो. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग, आणि थ्रेड म्हणजे एकाच वेळी हाती घेता येणारी कामं. कोडिंग, फोटोंचं काम, अधूनमधून व्हिडिओ कापणं असेल तर सहा कोअर आणि बारा थ्रेडचा घ्या. इंटेलचा आय५-१२४०० किंवा एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी त्यात बसतात. तासन्‌तास व्हिडिओ रेंडर (म्हणजे अंतिम फाइल तयार) करणाऱ्याला किंवा थ्रीडीचं काम करणाऱ्याला आठ आणि त्याहून जास्त कोअरचा खरा उपयोग होतो. गेमसाठीच घेणार असाल तर पैशांचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाकडे जाऊ द्या, प्रोसेसर मधला चालेल. टॅली आणि एक्सेलची बरीचशी कामं एकाच कोअरच्या वेगावर चालतात, त्यामुळे सोळा कोअर घेतले म्हणून बॅलन्सशीट चौपट वेगाने निघत नाही.

आता नाव कसं वाचायचं ते बघू. सर्वांत जास्त फसगत इथेच होते. १२४०० मधले पहिले दोन आकडे म्हणजे पिढी, बारावी. ‘आय७’ ऐकून भुलू नका. आय७-२६०० हा चार आकडी, म्हणजे दुसऱ्याच पिढीचा, २०११ चा; आय३-१२१०० हा २०२२ चा. दोघांनाही चार कोअर, आठ थ्रेड. तरी नवा आय३ कितीतरी वेगवान आहे, आणि जुन्या आय७ वर विंडोज ११ अधिकृतपणे चालतच नाही. जुने सेट ‘आय७ है, भैया’ म्हणून सर्रास विकले जातात, तेव्हा पुढचा आकडा नक्की विचारा.

शेवटच्या अक्षराकडे तर दोनदा बघा. इंटेलमध्ये एफ म्हणजे ग्राफिक्स नाही, के म्हणजे वेग वाढवता येणारा. एएमडीच्या ५००० मालिकेत उलटं बघावं लागतं : ग्राफिक्स हवं असेल तर ‘जी’ असायला हवा. ५६००जी मध्ये ते आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. ७००० मालिकेपासून बहुतेक रायझनमध्ये छोटंसं ग्राफिक्स आलं. ७५००एफसारखे अपवाद पुन्हा एफनेच ओळखायचे. ‘एक्स३डी’ म्हणजे थर रचून दिलेली जादा कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी. गेमला तिचा मोठा फायदा, हिशेबाला जवळपास काही नाही.

प्रोसेसर मदरबोर्डासोबतच (सगळे भाग जोडायच्या मुख्य बोर्डासोबत) ठरवा, कारण सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, जुळला नाही तर दोन्ही वस्तू निरुपयोगी. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला एलजीए१७०० सॉकेट लागतो, २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए१८५१. एएमडीकडे जुना एएम४ आणि २०२२ पासूनचा एएम५. एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम चालते, एएम४ वर डीडीआर४. एलजीए१७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, पण एका बोर्डावर एकच प्रकार बसतो. घरात जुनी डीडीआर४ पडून असेल तर हा हिशेब आधी करा. पुढे चार-पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर माझा कल एएम५ कडे आहे, कारण एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही या सॉकेटला साथ देण्याचं जाहीर केलं आहे. बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्याचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) तुमचा प्रोसेसर ओळखतं का, हे बोर्ड कंपनीच्या वेबसाइटवरच्या यादीत पाहून घ्या.

इंदूरचा उन्हाळाही विसरू नका. मे महिन्यात बाहेर ४० अंशांच्या वर पारा जातो, आणि प्रोसेसरवर बसवायचा कूलर खोलीतल्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड ठेवू शकत नाही. आय५-१२४०० चं बेस पॉवर (नेहमीचा वीजवापर) ६५ वॉट, कमाल ११७. आय९-१४९००के मात्र २५३ वॉटपर्यंत जातो. एसी नसलेल्या खोलीत ठेवायचा असेल तर ६५ वॉटचाच घ्या. डब्यातला कूलर त्याला पुरतो. के आणि एक्स३डी प्रकारांत बहुधा कूलर मिळत नाही, तो खर्च आधीच धरा. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या जास्त वॉटच्या काही प्रोसेसरांत व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती. इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य केलं, त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोसमधून येणारी) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा घेतला तर पहिलं काम बायोस अद्ययावत करणं.

आर. एन. टी. मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये भाव विचारताना सुरुवातीलाच स्पष्ट करा : ‘बॉक्स वाला है या ट्रे वाला?’ ट्रे म्हणजे सुटा प्रोसेसर, सोबत ना कूलर, ना डबाबंद मालाची तीन वर्षांची कंपनी वॉरंटी. दोनशे-चारशे वाचवण्यासाठी तो घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. दुकान किंवा धंद्यासाठी घेत असाल तर जीएसटी नंबर द्या, भरलेल्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळू शकतं.

आणि बसवताना घाई नको. इंटेलच्या या सॉकेटात आणि एएम५ मध्ये बारीक सोनेरी पिना बोर्डावर असतात. बोटाचं टोक लागलं तरी वाकतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, कडा धरून सरळ खाली ठेवा, वरून दाबू नका. तो आपल्या वजनानेच बसतो. मग सॉकेटची दांडी खाली आणताना थोडा जोर लागतो आणि कुरकुर आवाज येतो, त्याला घाबरू नका. त्या वेळी सॉकेटवरची काळी प्लास्टिकची टोपी टुणकन उडून पडते. ती बोर्डाच्या डब्यात ठेवून द्या. बोर्ड कधी वॉरंटीत द्यायची वेळ आली तर सर्व्हिस सेंटरवाले ती मागतात.