पिल्लू आणणार असाल तर पावसाळ्याआधीची तयारी

भाद्रपदात कुत्री माजावर येतात, पुढे दोन महिन्यांनी वाडीवाडीत पिल्लं होतात आणि नाताळच्या सुट्टीत पोरं त्यातलं एखादं उचलून घरी आणतात. दोन महिन्यांचं होईपर्यंत ते आईपासून तोडू नका. मग जूनपर्यंत चार-पाच महिने हातात राहतात. कोकणात कुत्रं सांभाळणाऱ्याची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते, म्हणून तयारी त्याच हिशेबाने करायची.

आणण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात स्वतः जाऊन या. डॉक्टर कधी भेटतात, सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन तिथे असतं का, नसेल तर कुठे मिळेल, विचारून घ्या. कातळावर, चिऱ्यांच्या गडग्यात फुरशी, म्हणजे छोटे विषारी साप, असतात आणि कुत्रं तिथेच नाक खुपसतं. फुरसं चावलं तर कुत्र्याला चालवू नका, जखम कापू नका, आवळून बांधू नका. उचलून थेट डॉक्टरकडे न्या. रात्री रिक्षा कोण काढेल तेही आजच ठरवा आणि त्याचा नंबर ओटीवरच्या भिंतीवर लिहा. लाइट गेली, मोबाइल बंद पडला की फक्त मोबाइलमध्ये असलेल्या नंबराचा काही उपयोग नाही.

रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. लेप्टोचीही, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचीही, लस असते. आपल्याकडे भातखाचरात उंदीर आणि साचलेलं पाणी दोन्ही असतं, त्यामुळे ती मागून घ्या. कुत्रं कुणाला चावलं, अगदी घरच्याला ओरखडा आला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि सरळ आरोग्य केंद्र गाठायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

आता गोचीड. पावसाळ्यात हे काम रोजचं, आणि ते मनापासून करणाऱ्याचंच कुत्रं तगतं. कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी केस उलटे सारून बघा. हाताला मुगाएवढी गाठ लागली की तीच. बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. बोटांनी चिरडू नका, रॉकेल ओतू नका, पेटती काडी तर मुळीच नको. गोचिडाच्या तापात हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते. म्हणून कुत्रं धडधाकट असतानाच ओठ वर करून हिरड्यांचा रंग नीट बघून ठेवा. आपल्या जनावराचं रोजचं रूप ज्याच्या डोळ्यांत पक्कं बसलंय, त्याला मी अनुभवी म्हणते. त्याला कुत्र्याने खाणं सोडायची वाट बघावी लागत नाही.

रात्री खळ्यात बांधून ठेवू नका. बिबट्या येतो आणि बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. पडवीला दार किंवा जाळी करून घ्या. खाण्यात भात-मासळी चालेल, पण शिजलेले काटे-हाडं काढून. खारवलेली सुकी मासळी आणि कांदा नको. माणसाची तापाची गोळी कुत्र्याला देऊ नका, मांजराला तर पॅरासिटामॉलने जीवच जातो. नसबंदीचं डॉक्टरशी आधीच बोला, नाहीतर पुढच्या वर्षी एसटी स्टँडवर सोडलेली पिल्लं तुमच्याच घरची असतील. पोपट पिंजऱ्यात ठेवायचा विचार असेल तर तो सोडा; 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडचे रानपोपट पाळणं गुन्हा आहे.

शेवटचं बोलणं घरात करायचं. कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं आणि तुमच्यातले बरेचजण बारावीनंतर रत्नागिरीला, मुंबईला जाणार. लसींच्या तारखा, जंताचं औषध, त्याच्या खोडी एका वहीत लिहायला सुरुवात करा आणि ती वही कुणाच्या हाती द्यायची ते आई-आजीला आत्ताच विचारा. उत्तर नुसतं “बघू” आलं, तर यंदाचं पिल्लू दुसऱ्या घरी जाऊ दे.