स्टिल्ट्सवरून छताचं जिप्सम प्लास्टर

नऊ फुटी छताला प्लास्टर करताना घोडी आणि फळी सरकवण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात घमेल्यातला जिप्समचा माल घट्ट व्हायला लागतो. ॲल्युमिनियमच्या स्टिल्ट्स, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे जोडपाय, पायाला बांधल्या की ही सरकवासरकव संपते. पण प्रत्येक काम त्यांच्यावरून करायचं नसतं. पातळ हात, पुट्टी, फॉल्स सीलिंगच्या जोडावरची टेप, कोपरे आणि घासकाम यांना स्टिल्ट्स उत्तम. स्लॅब टाचायचा (टोचे मारून खरबरीत करायचा) असेल, ड्रिल मारायचं असेल किंवा ठिय्ये (थराची पातळी दाखवणारे मालाचे ठिपके) मारून लांब पट्टीने जाड थर ओढायचा असेल, तर परांचीच बांधा. पट्टी ओढताना दोन्ही हातांनी जोर लागतो, तो जोर पायांवर उलटा येतो आणि तोल मागे जातो. टाचताना तर तुटलेले खडे थेट तुमच्याच पायाखाली पडतात.

जोडी घेण्याआधी उंचीचा हिशेब करा. छताच्या उंचीतून मिस्त्रीची उंची वजा करा, आणखी 8 ते 10 इंच वजा करा. उरेल तेवढी स्टिल्टची उंची. छत 108 इंचावर आणि मिस्त्री 5 फूट 5 इंच, म्हणजे 65 इंच असेल तर 34 इंच लावले की डोक्यावर 9 इंच मोकळे राहतात. एवढ्यात कोपर वाकलेलं राहतं आणि थापीवर नीट दाब देता येतो. त्यासाठी 24 ते 40 इंचांची जोडी लागते. 18 ते 30 इंचांची जोडी बुटक्या खोलीला किंवा उंच माणसाला चालते. नवशिक्याने मात्र पहिले काही दिवस सगळ्यात खालच्या छिद्रावर, हातात काहीही न घेता, भिंतीलगत चालावं. वजनाची मर्यादा बहुतेक जोड्यांवर 100 किलोच्या आसपास लिहिलेली असते. त्यात माणसाबरोबर हातातला मालही धरायचा.

आता 34 इंचांवर उभं राहिल्यावर खोली कशी बदलते, ते बघा. दाराची चौकट 7 फुटांवर, म्हणजे 84 इंच. तुमचं डोकं 99 इंचांवर. या खोलीतून त्या खोलीत चालत जाताच येत नाही, बसून स्टिल्ट्स काढाव्या लागतात. तीन फुटांवरची खिडकीची चौकट आता तळपायापासून फक्त 2 इंच वर असते. साडेतीन फुटी बाल्कनीचा कठडा 8 इंचांवर, म्हणजे घोट्याच्या थोडाच वर. तोल गेला तर तो कठडा अडवणार नाही, उलट त्याला अडखळून माणूस बाहेर जाईल. म्हणून बाल्कनी, लिफ्टचा खड्डा, डक्ट आणि जिना यांच्याजवळ स्टिल्ट्स वापरूच नका. खिडकीजवळचं छत घोडीवरून करा, आणि खिडकीला आडवे बांबू किंवा प्लायवूड लावून घ्या. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांतही हाच विचार आहे: मोठ्या परांचीवर स्टिल्ट्स वापरायच्या असतील तर कठडा स्टिल्ट्सच्या उंचीइतका वाढवावा लागतो.

छताला हात लावण्याआधी जमीन झाडून घ्या. वाळू, खिळे, पाइपचे तुकडे, एक्स्टेंशनची वायर, काहीच राहता कामा नये. फरशी बसलेली असेल आणि तिच्यावर प्लास्टिक टाकून पीओपीचा थर दिलेला असेल, तर तो थर कुठे फुगलाय, कुठे पोकळ वाजतोय ते पायाने दाबून बघा. तिथे तळवा खचतो. नुसत्या प्लास्टिकवर किंवा ओल्या पॉलिश फरशीवर चढू नका. सांडलेला ओला माल बिगाऱ्याने लगेच खरवडून घ्यायचा. छतातून लोंबणाऱ्या वायरींचा एमसीबी बंद करा. स्टिल्ट्स ॲल्युमिनियमच्या आहेत, ही गोष्ट इथे लक्षात ठेवायची.

बांधताना मजबूत घोडीवर किंवा टेबलावर बसा. टाच मागच्या पट्टीला पूर्ण टेकवा, पायाचे पट्टे आवळा, मग पोटरीचा पट्टा. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जावं. पट्टा सैल राहिला तर पाय वर उचलला जातो आणि स्टिल्ट मागे रेंगाळते. पडण्याचं हे नेहमीचं कारण. दोन्ही पायांची उंची आणि स्प्रिंगचा ताण सारखा ठेवा. उभं राहिल्यावर गुडघे आत किंवा बाहेर ओढले जात असतील तर स्टिल्टची नळी पायाला समांतर नाही. उतरून परत लावा. चालताना गुडघा सरळ वर उचला, पाय घासू नका. वळताना कंबर न पिळता छोटी पावलं टाका. मागे चालणं टाळा.

खाली वाकायचं नाही, म्हणून बिगारी हवाच. थापी पडली तरी त्यानेच द्यायची. माल स्टिल्ट्सवर उभ्या मिस्त्रीच्या कमरेच्या उंचीला ठेवा.

गुळगुळीत स्लॅबवर शटरिंगचं (स्लॅब ओतायच्या साच्याला लावलेलं) तेल राहिलेलं असेल तर प्लास्टर पापुद्र्यासारखं सुटतं. स्लॅब धुऊन, वाळवून, बाँडिंग एजंट (माल धरून ठेवणारा चिकट द्रव) रोलरने लावा आणि डब्यावर दिलेल्या वेळेनंतरच माल चढवा. छतावर थर 6 ते 8 मिलिमीटरच ठेवा. एक चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे साधारण एक किलो पावडर लागते. म्हणजे 10 बाय 10 फुटांच्या खोलीला 6 मिलिमीटरसाठी 56 किलोच्या आसपास, 25 किलोच्या सव्वादोन गोण्या. पण गोणी एकदम कालवू नका. एका वेळी 10 किलो पावडर आणि 6 ते 7 लिटर पाणी, आधी पाणी, मग पावडर. माल साधारण 25 मिनिटांत आवळायला लागतो. एवढ्या मालात दीडेक चौरस मीटर होतं, घाई करावी लागत नाही, आणि स्टिल्ट्सवरची घाई महागात पडते. आवळायला लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा वापरू नका. तो भुसभुशीत होतो. भिंतीच्या कडेपासून सुरू करून मोकळ्या जागेकडे या, म्हणजे ओल्या मालाखालून परत जावं लागत नाही.

मान सतत वर धरली तर चक्कर येते. दर अर्ध्या तासाने बसा, पाय मोकळे करा. उतरताना आधी नीट बसा, मगच पट्टे सोडा; एक पाय काढून दुसऱ्यावर उभं राहायचं नाही.

संध्याकाळी ओल्या फडक्याने स्प्रिंग, नट आणि उंचीची छिद्रं पुसून काढा. तिथे जिप्सम घट्ट झालं की बोल्ट पूर्ण आत बसत नाही, आणि ते वरून दिसतही नाही. रबरी तळ एका बाजूने झिजला असेल तर दोन्ही तळ एकदमच बदला.