थेस्सलोनिकीच्या खाऊगल्ल्यांत उतरण्याआधी

ग्रीसला जाणारी आपली बरीचशी मंडळी अथेन्स आणि सांतोरिनी करून परततात. उत्तरेकडच्या थेस्सलोनिकीला दोन दिवस देता आले तर जरूर द्या, आणि त्यातली एक सकाळ वाटाड्याबरोबर पायी हिंडत रस्त्यावरचं खाण्यासाठी राखून ठेवा. २०२१ साली युनेस्कोने खाद्यसंस्कृतीसाठी निवडलेलं हे ग्रीसमधलं पहिलं शहर. पण अशी फेरी तयारीनिशी केली तरच पुरती पदरात पडते. मी आईला घेऊन गेले होते तेव्हा निम्मी तयारी विसरले होते. ती इथे तुमच्यासाठी लिहून ठेवते.

सुरुवात दिवस ठरवण्यापासून. रविवार नकोच. कापानी हा तिथला जुना बाजार रविवारी बंद असतो, आणि कापानीशिवाय फेरी म्हणजे मंडईत न जाता पुणं पाहणं. मंगळवार ते शुक्रवारची सकाळ उत्तम. शनिवारी गर्दी फार, पण बाजार रंगलेला असतो. १५ ऑगस्ट, ईस्टरचे दिवस, २६ ऑक्टोबर (शहराचे रक्षणकर्ते संत दिमित्रिओस यांचा दिवस) आणि २८ ऑक्टोबर या सुट्ट्या टाळा. सप्टेंबरात तिथे आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो, तेव्हा हॉटेलं महागतात. जुलै-ऑगस्टचं ऊन तापलेलं असतं, म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. किमान तीस हजार युरोंचा प्रवास विमाही हवा. हे सगळं आटोपल्यावरच फेरीचे पैसे भरा.

फेरी निवडताना वाटाड्याला तीन गोष्टी विचारा. गटात किती माणसं असतात? आठ-दहाच्या वर असतील तर अरुंद गल्लीत मागच्यांना काहीच ऐकू येत नाही. चालणं किती आणि कुठून? बाजाराचा भाग सपाट आहे, पण आनो पोलीत, म्हणजे वरच्या जुन्या वस्तीत, नेणार असतील तर दगडी चढाच्या वाटा लागतात आणि ते गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच जाणून घेतलेलं बरं. तिसरी गोष्ट, फीमध्ये काय काय धरलेलं आहे: चव घेण्यापुरते घास, की शेवटी बसून जेवणही? यावरून सकाळी किती भूक ठेवायची ते ठरतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नोंदणीच्या अर्जात नुसतं "व्हेजिटेरियन" लिहून थांबू नका. मी तेच केलं होतं. तिसऱ्या थांब्यावर आईसमोर फिकट गुलाबी चटणीसारखा पदार्थ आणि पाव आला, तिने आवडीने दोन घास घेतले, आणि मग कळलं की ती तारामोसालाता, माशांच्या अंड्यांपासून केलेली. वाटाड्याने फसवलं नव्हतं. त्याच्या लेखी ते उपवासाचं खाणं होतं. आई काही बोलली नाही, पण पुढच्या दोन थांब्यांवर तिने फक्त पाणी घेतलं. त्या सकाळची ती रुखरुख मला अजून आहे.

कारण असं की ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासाची गणितं आपल्यापेक्षा वेगळी आहेत. निस्तीसिमो म्हणजे उपवासाला चालणारं. त्यात मांस, मासे, अंडी, दूध, चीज वर्ज्य. पण कोळंबी, शिंपले, ऑक्टोपस चालतात आणि तारामा, म्हणजे माशांची अंडी, तीही चालतात. म्हणून निस्तीसिमो ऐकलं की निर्धास्त होऊ नका. त्याचा फायदाही आहे: ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपवासकाळात दुकानांतून तेलातल्या भाज्या, कडधान्यं आणि दूधही नसलेली मिठाई भरपूर मिळते. आपण फक्त समुद्रातल्या वस्तूंविषयी स्वतंत्रपणे विचारायचं.

तेव्हा अर्जात फोड करून लिहा: मांस नाही, मासे नाहीत, शिंपले-कोळंबी नाही, अंडं चालतं की नाही, चीज चालतं की नाही. गाईचं मांस वर्ज्य असेल तर तसं वेगळं लिहा, कारण कोफ्त्यासारख्या खिम्याच्या पदार्थांत ते बहुधा असतंच. चार शब्द पाठ करून ठेवा: मोस्हारी म्हणजे गोमांस, हिरिनो म्हणजे डुकराचं मांस, कोतोपुलो म्हणजे कोंबडी, आर्नी म्हणजे कोकरू. ग्रीसमध्ये यिरोस (उभ्या सळईवर भाजून कापलेलं मांस) मागितला की काही न विचारता बहुतेक वेळा डुकराचाच येतो, हे मुसलमान आणि इतर वाचकांनीही ध्यानात ठेवावं. एक शब्द मात्र पाठ करायलाच नको. बुगात्सा या पापुद्र्यांच्या पदार्थाच्या दुकानात "किमा" ऐकू आलं तर तो आपलाच खिमा. तुर्की शब्द दोन्हीकडे पोचलेला आहे. "मी मांस खात नाही" याला "देन त्रोओ क्रेआस". हे वाक्य ग्रीक लिपीत मोबाइलवर लिहून घ्या आणि दाखवा. आपल्या उच्चारापेक्षा ते जास्त कामी येतं. तीळ, सुकामेवा किंवा गव्हाची अॅलर्जी असेल तर ती सगळ्यात वर लिहा. तीळ तिथे कुलुरी या गोल पावापासून हलव्यापर्यंत सगळीकडे आहेत. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना चीजच्या आणि गोड पदार्थांवरच भागवावं लागेल, आणि ते मन तयार करूनच जावं.

शाकाहारी माणसाची मात्र उपासमार होत नाही. सकाळी गोल तिळाचा कुरकुरीत कुलुरी गाडीवर मिळतो. मग बुगात्सा: कागदासारख्या पातळ पापुद्र्यांत कस्टर्ड, चीज किंवा पालक भरून भाजतात, तुमच्यासमोर खटाखट तुकडे करतात, आणि गोड असेल तर वरून पिठीसाखर-दालचिनी भुरभुरवतात. अथेन्सकर बुगात्सा म्हटलं की गोडच समजतात. इथे कोणतं हवं ते सांगावं लागतं. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. आईने ते चाखून "हे तर आपलंच" म्हटलं आणि तिथून सकाळ पुन्हा मार्गी लागली. यिगान्देस हे आपल्या डबल बीसारखे मोठे दाणे, टोमॅटोत भाजलेले. द्राक्षाच्या पानांचे दोल्मादेस घेताना "यालांत्झी" मागा. तुर्कीत त्याचा अर्थ खोटारडे, म्हणजे मांस नसलेले. अंडं-लिंबाच्या आवगोलेमोनो रश्शासह येणारे गरम दोल्मादेस सहसा खिम्याचे असतात. आणि रव्याचा हलवा चुकवू नका. एक भाग तेल, दोन भाग रवा, तीन साखर, चार पाणी, असं त्याचं घरोघरी ठरलेलं माप. तुपाऐवजी तेलातला आपला शिराच तो.

मांसाहारी असाल तर एक शब्दाचा घोळ आधीच सोडवून घ्या. अथेन्समध्ये पिटा पावात गुंडाळलेल्या मांसाला सुव्लाकी म्हणतात आणि काडीवरच्याला कालामाकी. थेस्सलोनिकीत सुव्लाकी म्हणजे काडीवरचंच, आणि कालामाकी मागितलं तर सरबताची नळी हातात येईल. या भेदावर तिथली माणसं मनापासून भांडतात. पात्सास, म्हणजे वजडीचं सूप, रात्रभर जागलेल्यांचं खाणं. वर लसणाचं व्हिनेगर आणि बुकोवो घेतात. बुकोवो म्हणजे लाल मिरचीची भरड. आपल्या जिभेला ग्रीक जेवण सौम्य वाटतं, तेव्हा कुठल्याही टेबलावर "बुकोवो" म्हणा, बहुधा मिळेल. घरून तिखटाची पुडी न्यायची गरज पडत नाही.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात एक संध्याकाळ या शहराच्या इतिहासाला द्या. नाहीतर ताटात इतकं तुर्की, ज्यू आणि बाल्कन का आहे ते उमगत नाही. १४९२ साली स्पेनमधून हाकललेले ज्यू ऑटोमन राज्यातल्या या बंदरात येऊन वसले आणि शतकानुशतकं शहराचा मोठा हिस्सा तेच होते. १९१७ च्या आगीत मध्यवस्ती जळाली. आजचा आरिस्तोतेलुस चौक त्यानंतरच्या आखणीतला, फ्रेंच वास्तुरचनाकार एर्नेस्त एब्रार यांच्या. १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्येच्या अदलाबदलीत आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, लाखो निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्यांनी आपले मसाले, आपले पापुद्रे, आपली मिठाई बरोबर आणली आणि बुगात्सा या शहराची झाली. मोदियानो हा छप्पर असलेला बाजार १९२५ साली एली मोदियानो या ज्यू वास्तुरचनाकाराने उभा केला. बरीच वर्षं मरगळून राहिलेला हा बाजार २०२२ च्या अखेरीस नव्याने उघडला. १९४३ मध्ये इथल्या जवळजवळ सगळ्या ज्यू समाजाला नाझींनी ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेलं. हे ठाऊक असेल तर मोदियानोच्या कमानीखाली ऑलिव्ह चाखताना आपसूक आवाज खाली येतो. वाटाड्याला विचारा, ज्यू घरांतलं कोणतं खाणं आज शहरात मिळतं. चांगला वाटाडा या प्रश्नाने खूश होतो.

भाषेचं एक पक्कं करून घ्या, नाहीतर गोंधळ नक्की. ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो! आपल्या कानाला तो नकार वाटतो. नाही याला "ओही". आणि मान वर उचलून जिभेने "च्च" केलं तर तेही नाहीच. हा "च्च" आपल्याकडेही असल्यामुळे पटकन कळतो. सकाळी "कालिमेरा" आणि घास संपल्यावर "एफ्हारिस्तो" एवढं म्हटलं की कापानीतला ऑलिव्हवाला आणखी एका बरणीचं झाकण उघडतो.

पिशवीत फार काही नको. तळ घट्ट असलेले, आधी वापरून मऊ झालेले बूट. बाजारात मासळीच्या दुकानांपुढे फरशी ओली असते, म्हणून गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. टोपी. पाण्याची बाटली, नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. ओले रुमाल, कारण साखरपाकाने बोटं चिकट होतात. थोडी सुटी नाणी. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण गाडीवरच्या कुलुरीला नाणी बरी. पासपोर्ट हॉटेलात ठेवा, प्रत बरोबर घ्या, आणि गर्दीत पाकीट पुढच्या खिशात. स्वच्छतागृह कॅफेत मिळतं. कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा, तिथल्या नळांची तीच रीत. घरच्या ज्येष्ठांसाठी: फेटा चीज, ऑलिव्ह, लोणची, सगळ्यांत मीठ भरपूर, तेव्हा रक्तदाब असणाऱ्यांनी घास मोजून घ्यावेत, मधुमेहींनी गोड थांबे कोणते ते आधी विचारून गोळ्यांची वेळ जुळवावी. पित्ताची गोळी असू द्या. आणि एक छोटा स्टीलचा डबा, ज्याची मी आग्रहाने शिफारस करते. का ते पुढे येईल.

त्या सकाळी हॉटेलचा नाश्ता करू नका. पैसे भरलेले असले तरी नाही. अगदीच राहवत नसेल तर अर्धं केळं. तीन-चार तासांत आठ-दहा ठिकाणी खायचं असतं, आणि पहिले दोन थांबे बहुतेक पापुद्र्यांचे, म्हणजे लोण्याचे आणि जड. दोघं असाल तर सुरुवातीला एकात दोघं खा. बुगात्सा अर्धीच खा, उरलेली डब्यात. त्रिगोना पानोरामातोस हे पाकातले, आयत्या वेळी मलई भरलेले कुरकुरीत त्रिकोण मात्र तिथेच आणि तेव्हाच खायचे. डब्यात तासाभरात मऊ पडतात. त्यांच्यासाठी जागा ठेवा.

ग्रीक कॉफी मागवताना साखर आधीच सांगावी लागते, कारण ती शिजतानाच पडते: स्केतो बिनसाखरेची, मेत्रिओ मध्यम, ग्लिको गोड. तळाचा गाळ पिऊ नका. उन्हात थंड फ्रापे घ्या. तो जन्मला याच शहरात, १९५७ च्या व्यापार मेळ्यात, नेसकॅफेच्या एका प्रतिनिधीला गरम पाणी मिळेना म्हणून त्याने थंड पाण्यातच पावडर घुसळली तेव्हा. हिवाळ्यात गेलात तर सालेपी विकणारा शोधा, कंदाच्या पिठाचं ते गरम, दाटसर पेय. त्सिपुरो ही दारू देऊ केली तर पोटात चार घास गेल्याशिवाय नको, आणि नको असेल तर हसून "ओही" म्हणा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

खरेदी फेरी संपल्यावर, वाटाड्याने दाखवलेल्याच दुकानांतून करा. रिगानीच्या, म्हणजे ओरेगॅनोच्या, वाळलेल्या जुड्या, बुकोवो, तिळाचा हलवा आणि खिओस बेटावरच्या झाडांची मास्तिखा ही राळ हलकी आणि टिकाऊ असते. त्सुरेकी या गोड पावाला जो वास येतो तो मास्तिखा आणि मखलेपी या चेरीच्या बियांच्या पुडीचाच. फेटा नि ऑलिव्ह विमानाच्या सामानात पाझरतात, ते तिथेच संपवा. वाटाड्याला बक्षिशी सक्तीची नाही, मन भरलं असेल तर द्या.

दुपारी काहीही ठरवू नका, झोप येते. संध्याकाळी उठून पांढऱ्या मनोऱ्यापासून समुद्राकाठच्या लांब फरशीवर चालायला जा, डबा बरोबर घेऊन. सात-साडेसातला पुन्हा थोडी भूक लागते, आणि उरलेला अर्धा कुलुरी तेव्हा फार छान लागतो.