फाल्गुनात शेळ्या-घोड्यांची सोबत: ठाणे परिसरातल्या पशुपालकांसाठी

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते म्हणतात. ठाण्यात दुपारची थंडी त्याच्या कितीतरी आधीच गेलेली असते. मुरबाड-शहापूरकडे पहाटे मात्र अजून गोधडी लागते. येऊरच्या उतारावर पानं झडलेली सावर लाल फुललीय, गावाकडे राब भाजल्याचा, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पाला-फांद्या जाळल्याचा, धूर दिसतो. चिखल नाही, माश्या कमी, ऊन अजून सोसण्यासारखं. एकट्या घोड्याला शेळ्यांची सोबत लावायची असेल तर हेच तीन-चार आठवडे धरा. एप्रिलात जनावरंही चिडचिडी होतात आणि आपणही.

घोडा कळपातला प्राणी. एकटा बांधला की दावणीपाशी डुलत राहतो, गव्हाणीचं लाकूड कुरतडतो. दुसरा घोडा पोसणं वरातीच्या धंद्यातल्या माणसालाही जड जातं. दोन शेळ्या मात्र परवडतात. दोन म्हणतोय, कारण घोडी वरातीला गेली की मागे राहिलेली एकटी शेळी ओरडून आळी डोक्यावर घेते. पहिले आठ दिवस मध्ये कुंपण ठेवा, एकमेकांचा वास ओळखीचा होऊ द्या. मारकी शिंगाळी शेळी नको, घोड्याच्या पोटाला शिंग लागलं तर निस्तरणं कठीण. नुकती व्यालेली शेळी आणि करडं घोड्याच्या पायांत अजिबात सोडू नका.

आमची ढवळी नावाची शेळी दुपारी घोडीच्या सावलीतच बसते. घोडी शेपटीनं माश्या हाकते, त्यात हिच्याही हाकल्या जातात. त्या बदल्यात एका उन्हाळ्यात हिनं घोडीच्या शेपटीचे केस वीतभर चावून ठेवले होते. हिरवा पाला कमी पडला की शेळ्या हा उद्योग करतात, म्हणून समोर चघळायला काहीतरी असू द्या. राबासाठी तोडलेल्या फांद्यांचा पाला, वाल झोडपल्यावर उरलेली कोरडी टरफलं, वडा-पिंपळाच्या डहाळ्या चालतात. टणटणी आणि कण्हेर मात्र दोघांच्याही तोंडापासून लांब ठेवा. सोसायट्यांच्या बागेतली छाटणी फुकट मिळते म्हणून टेम्पो भरून आणू नका, तिच्यात कण्हेर हमखास असते.

शेपटीवरून आठवलं. एकदा घोडीची आयाळ मुठीमुठीनं हातात यायला लागली. मी आठवडाभर खरूज समजून तेल चोळत बसलो. कारण निघालं सुबाभूळ. शेळ्यांपुढे टाकलेला पाला घोडी रोज मानेच्या टप्प्यात येईल तेवढा ओढून खात होती. सुबाभळीतलं मिमोसिन नावाचं द्रव्य घोड्याला बाधतं, आयाळ-शेपूट झडते, खुरंही बिघडतात. शेळीच्या पोटात ते बऱ्याच अंशी मोडतं, तरी तिलाही एकूण पाल्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नये.

म्हणजे सोबत एकत्र, पण खाणं वेगळं. घोड्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तोबऱ्यातून (तोंडाला बांधायच्या पिशवीतून) द्या. जुनी माणसं काही उगाच तोबरा बांधत नव्हती. उघड्या घमेल्यातला भिजवलेला हरभरा शेळी क्षणात फस्त करते. मग तिचं पोट आंबतं, फुगतं आणि संध्याकाळपर्यंत ती आडवी होते. उलट बाजूनं धोका याहून मोठा आहे. कोंबड्यांच्या आणि काही शेळ्यांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन हे औषध घातलेलं असतं. घोड्याच्या हृदयाला ते विष आहे, थोड्या प्रमाणातही जीव जातो. पोत्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय असं खाद्य घोड्याच्या आसपासही ठेवू नका.

पेंढा आपल्याकडे भरपूर, पण निव्वळ भाताचा पेंढा आणि कमी पाणी म्हणजे घोड्याला पोटशूळाचं आमंत्रण. घोड्याला उलटी होत नाही, अडकलं ते अडकलंच. दिवसाला 30 ते 40 लिटर पाणी त्याच्यापुढे हवं, शेळीला 4 ते 6 लिटर. घोडा सारखा कुशीकडे वळून पाहू लागला, लोळू लागला, लीद बंद झाली की घरगुती औषधात वेळ घालवू नका. पशुवैद्यकाला बोलवा किंवा 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या क्रमांकावर फोन करा.

सकाळी साडेसहा-सातला चहाचा कप घेऊन अर्धा तास नुसतं जनावरांत बसा. मोबाईल घरात. कोण रवंथ करतंय, कोण कळपापासून बाजूला उभं आहे, कोणाच्या नाकाला शेंबूड आहे, हे हातात खोरं असताना दिसत नाही. निवांत उभ्या घोड्याचा श्वास मिनिटाला 8 ते 16 असतो, शेळीचा 15 ते 30. बरगडी हलताना मोजायची सवय लावा, पुढे उन्हाळ्यात उपयोगी पडेल. याच वेळेला घोड्याला खरारा करा, म्हणजे ब्रशनं अंग घासा. या दिवसांत जुने केस गळतात, अंग खाजतं, घोडी मान लांबवून ओठ लोंबते सोडून उभी राहते. ते पाहायलाच मी रोज जातो, खरं सांगायचं तर. हात फिरवताना कानात आणि शेपटीखाली गोचीड चाचपून बघा.

भाद्रपद-आश्विनात गाभण राहिलेल्या शेळ्या सुमारे 150 दिवसांनी म्हणजे आता विताहेत. करडाची नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा आणि तासाभरात चीक पाजा. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवशी साधारण 200 मिली चीक जायला हवा, तोही विभागून. पहाटेच्या गारठ्यात खाली पेंढ्याचा जाड थर द्या. दुपारचं ऊन बघून गोणपाट काढून टाकलं आणि रात्री लावायचं राहिलं की करडं न्यूमोनियानं जातात. करडू तीन महिन्यांचं झालं की पीपीआरची (शेळ्यांच्या साथीच्या रोगाची) लस, आंत्रविषाराची (आतड्यातल्या विषबाधेच्या रोगाची) पावसाळ्याआधी. लीद असते तिथे धनुर्वाताचे जंतू असतातच, म्हणून घोड्याचं धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका.

येऊर आणि घोडबंदरच्या कडेला राहणाऱ्यांनी शेळ्या अंधाराआधी आत घ्याव्यात, दार आणि छप्पर दोन्ही पक्की जाळीची हवीत. बिबट्याला कुडाचं दार अडवत नाही. लागूनच असलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत चराई बंद आहे, हेही ध्यानात असू द्या.

नवी घोडी घेणार असाल तर ग्लँडर्सची रक्ततपासणी मागा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावर ठेवता येत नाही. अहवाल दाखवायला टाळाटाळ झाली तर घोडी कितीही देखणी असो, परत फिरा.

होळीच्या दिवशी दोघांनाही रस्त्यापासून आत बांधा, रंग डोळ्यांत जाऊ देऊ नका. पुढे लग्नसराई आहेच. दुपारच्या तापल्या डांबरावरची वरात घेऊ नका, संध्याकाळचीच घ्या आणि निघण्याआधी नालबंदाकडून नाल तपासून घ्या. परतल्यावर खोगीर लगेच उतरवा, अंगावर पाणी ओता, सावलीत फिरवा, आणि प्यायचं पाणी थोड्या-थोड्या वेळानं द्या. चंदी मात्र घोडी पूर्ण थंडावल्यावरच. तोवर शेळ्या तोबऱ्याभोवती घुटमळत राहतील, त्यांना डहाळी टाका.