कोझुमेलला बोटीवरून उतरताना

गंगापूर रोडच्या आमच्या भिशीत कुणीतरी विचारतंच, "लेकाकडे अमेरिकेला चाललोय, मेक्सिकोची क्रूझ काढलीय, किनाऱ्यावर काय करायचं?"

आधी घड्याळ बघा. कोझुमेल हे मेक्सिकोचं बेट, तिथली वेळ वर्षभर एकच. उन्हाळ्यात मायामीहून निघालात, तर तिथलं घड्याळ बोटीच्या तासभर मागे असू शकतं. मोबाइलवर चार वाजलेले दिसतात, बोटीवर पाच! साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेवर लावा आणि मोबाइलवर विसंबू नका. बोट स्वतः काढलेल्या सहलीला उशीर झाला तर थांबते, स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी नाही. म्हणून समोरच्या मुख्य भूमीवरचे तुळुमचे माया लोकांचे अवशेष पाहायचे असतील तर बोटीचीच सहल घ्या. आधी फेरीबोटीने पलीकडच्या किनाऱ्यावरचं प्लाया देल कार्मेन गाव, मग पुढे रस्त्याने. बेटावरच हिंडायचं तर टॅक्सी पुरते. मीटर नसतो. भाडं बसण्याआधी ठरवा, आणि पेसो की डॉलर तेही विचारा, कारण खूण दोन्हींची एकच.

शाकाहारी मंडळींनो, वाटलेल्या राजम्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते बरं का. ग्वाकामोले (वाटलेला अव्होकाडो) आणि मक्याची टॉर्टिया (पातळ पोळी) मागवा, बरोबर सीलबंद पाकिटातला कोरडा खाऊ असू द्या (बोटीवरचं ताजं खाणं किनाऱ्यावर उतरवू देत नाहीत). पाणी सीलबंदच. लाल बावटा दिसला की समुद्रात पाऊल नको. दागिने केबिनच्या तिजोरीत. अडचण आली तर ९११ लावा.

बोट परत अमेरिकेतच येते, तेव्हा तिथला व्हिसा अनेकदा प्रवेशाचा आहे ना, हे मात्र नाशकातच तपासा.