जुने रस्ते आणि पूल दुरुस्त करताना या चुका टाळा

गाव वाढलं, रस्ते उखडले की पहिली मागणी होते ती डांबराची. जुन्या थरावर नवा थर, काही वर्षांनी आणखी एक. रस्ता वर येत जातो, चेंबरची झाकणं खोलात जातात आणि पावसाचं पाणी गटारात जाण्याऐवजी घरांत शिरतं. म्हणून जुना थर आधी खरवडून काढा. मध्यापासून कडेकडे २ ते २.५ टक्के उतार आहे का, हे तपासा. त्याच जागी पुन्हा पुन्हा खड्डा पडत असेल तर बहुधा खालच्या थरात पाणी मुरलेलं असतं. तिथे वरून कितीही खडी-डांबर ओता, टिकणार नाही.

दुसरी चूक वाहनं मोजण्यातली. एका आसावरचा (ॲक्सलवरचा) भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान ढोबळमानाने १६ पट होतं. त्यामुळे डंपर आणि ट्रक वेगळे मोजल्याशिवाय थराची जाडी ठरवू नका.

पुलावर तर थरांचं वजनच घातक ठरू शकतं. अमेरिकेत मिनियापोलिसचा आय-३५डब्ल्यू पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळला, १३ जणांचा जीव गेला. त्याच्या सांध्यांवरच्या पोलादी प्लेट मुळातच पातळ होत्या. त्यात आधीच्या कामांत वाढलेलं वजन, आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी पुलावर रचलेलं साहित्य. तेव्हा पाइपलाइन टांगण्याआधी किंवा पदपथ जोडण्याआधी भाराचा हिशेब नव्याने करून घ्या.

प्रसरण सांधे, म्हणजे उष्णतेने पूल लांबतो-आखडतो त्यासाठी ठेवलेल्या फटी, डांबराखाली गाडणं ही नेहमीची चूक. डांबराला तिथेच भेग पडते, पाणी बेअरिंगवर (पुलाचा वरचा भाग ज्यावर टेकतो त्या आधारावर) आणि खांबाच्या माथ्यावर झिरपतं. सळई गंजते, फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. पुलाखाली उतरून पाहा: तांबूस ओघळ, सळईच्या रेषेत गेलेली चीर, हातोडीने ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज. अशा जागी नुसतं प्लास्टर मारू नका. त्याने रोग झाकला जातो, गंज चालूच राहतो.

सर्वात फसवी तपासणी उन्हाळ्यातली. पुरात खांबाच्या पायाभोवतीची माती वाहून जाते आणि पूर ओसरताना तो खड्डा सैल गाळाने भरतो. वरून सगळं ठीक दिसतं, पण त्या गाळाचा पायाला आधार नसतो. प्रत्येक मोठ्या पुरानंतर पायाशी गज खुपसून गाळाची खोली मोजा, आणि खांबांजवळचा वाळूउपसा ताबडतोब बंद करा.